माहितीपत्रकातला वेग आणि हाती येणारा वेग: स्पेक्ट्रोफोटोमीटरची तपासणी

स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र. त्याच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा स्कॅनच्या, म्हणजे एकेक तरंगलांबी मोजत पुढे जाण्याच्या, वेगाचा असतो: मिनिटाला २४,००० नॅनोमीटर. तरंगलांबीचा १९० ते ११०० हा सगळा पट्टा ९१० नॅनोमीटरचा, म्हणजे या हिशेबाने तो सव्वादोन सेकंदांत संपायला हवा. संपतोही. पण त्या सव्वादोन सेकंदांत जो आलेख निघतो तो कामाचा असतो का, हे माहितीपत्रक सांगत नाही. म्हणून यंत्र बसवून झालं की रोजच्या कामाला लावण्याआधी आम्ही वेगाची वेगळी तपासणी करतो. ती कशी करतो आणि तिच्यात काय काय आडवं येतं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

सुरुवात कागदावरच होते. यंत्रातला झेनॉन दिवा सेकंदाला ८० वेळा चमकतो असं धरा. एका फ्लॅशला एक रीडिंग आणि दोन रीडिंगमध्ये ५ नॅनोमीटरचं अंतर ठेवलं, तर सेकंदाला ४०० आणि मिनिटाला बरोबर २४,००० नॅनोमीटर होतात. कमाल वेग म्हणतात तो असा, विरळ बिंदूंचा आणि एकेका फ्लॅशचा. अंतर १ नॅनोमीटर केलं आणि प्रत्येक बिंदूवर ०.१ सेकंदाची सरासरी मागितली, की वेग ६०० वर येतो आणि पूर्ण पट्ट्याला दीड मिनिट लागतं. अंतर अर्धा नॅनोमीटर केलं की ३००. वेग, अंतर आणि सरासरीचा काळ या तिघांपैकी दोनच आपल्या हातात असतात, तिसरा आपोआप ठरतो. काही सॉफ्टवेअरमध्ये हे तिन्ही आकडे लपवून फक्त ‘जलद, मध्यम, संथ’ असे पर्याय दिलेले असतात. तिथे मॅन्युअल उघडून त्या शब्दांमागचे आकडे आधी काढून घ्यावेत, कारण एका यंत्राचं ‘मध्यम’ दुसऱ्याच्या ‘जलद’पेक्षा वेगवान असू शकतं.

दोन किरणांच्या यंत्रात आणखी एक मर्यादा असते. चॉपर, म्हणजे एक फिरती चकती, किरण आळीपाळीने सॅम्पल आणि रेफरन्सकडे (तुलनेच्या द्रावणाकडे) पाठवतो. तो सेकंदाला ३० फेऱ्या मारत असेल तर एक पूर्ण रीडिंग ३३ मिलिसेकंदांच्या आत होऊच शकत नाही. सरासरीचा काळ त्याहून कमी लिहिला तरी काही उपयोग नाही.

ड्युटेरियम आणि टंगस्टन-हॅलोजन दिव्यांचं यंत्र असेल तर निदान अर्धा तास तापू द्यायचं. ड्युटेरियम दिवा लागल्या लागल्या पेटलेला दिसतो, पण त्याचा प्रकाश स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि तोवर घेतलेली बेसलाइन (सॅम्पल नसतानाचं मूळ रीडिंग) पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये चूक बनून शिरते. झेनॉन फ्लॅशच्या यंत्राला ही वाट पाहावी लागत नाही. दिवसभरात पाचच सॅम्पल येत असतील तर स्कॅनच्या वेगापेक्षा हा वाचलेला अर्धा तास मोठा आहे, आणि यंत्र निवडताना याकडे कुणी बघत नाही.

बेसलाइन ज्या सेटिंगवर घ्यायची त्याच सेटिंगवर स्कॅन. स्लिट (फटीतून एका वेळी जाणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा, नॅनोमीटरमध्ये), अंतर, वेग, दिवा बदलण्याची तरंगलांबी, सगळं तेच. संथ बेसलाइनवर जलद स्कॅन चढवला की दिवा किंवा फिल्टर जिथे बदलतो तिथे खाच दिसते. तसंच, जलद बेसलाइनमधला नॉइज (रीडिंगची खरखर) नंतरच्या प्रत्येक संथ स्कॅनमधून वजा होतो. स्कॅन कितीही सावकाश केला तरी आलेख खरखरीतच राहतो, आणि दोष उगाच दिव्यावर जातो.

तरंगलांबी तपासायला होल्मियम. १० टक्के पर्क्लोरिक आम्लात ४ टक्के होल्मियम ऑक्साइड असलेला सीलबंद क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक चौकोनी नळी) मिळतो. त्याचे पीक (आलेखातली शिखरं) १ नॅनोमीटर स्लिटला २४१.१, २८७.२, ३६१.३ आणि ५३६.६ नॅनोमीटरच्या आसपास येतात. नेहमीच्या कॅलिब्रेशनमध्ये हे एकदा संथ वेगाने बघून सही होते. वेगाच्या तपासणीत तोच क्युव्हेट जागचा न हलवता आधी मिनिटाला ६० नॅनोमीटरने, मग २४०, ६००, १२०० आणि शेवटी यंत्राच्या कमाल वेगाने स्कॅन करायचा आणि पाचही आलेख एकावर एक ठेवायचे. जुन्या धाटणीच्या यंत्रांत, जिथे सिग्नल इलेक्ट्रॉनिक फिल्टरमधून सतत वाहतो, तिथे पीक सरकलेला दिसतो. किती सरकेल याचा हिशेब सोपा आहे: १२०० म्हणजे सेकंदाला २० नॅनोमीटर, रिस्पॉन्स टाइम (सिग्नलला बदलायला लागणारा काळ) ०.१ सेकंद असेल तर पीक सुमारे २ नॅनोमीटर मागे पडतो. २४० ला हाच फरक ०.४ होतो. बहुतेक यंत्रं मोठ्या तरंगलांबीकडून छोटीकडे स्कॅन करतात, त्यामुळे पीक छोट्या बाजूला सरकतो. सगळे पीक एकाच दिशेला आणि साधारण सारखेच सरकले असतील तर कारण वेग आहे. संथ स्कॅनलाही सरकलेले असतील तर ग्रेटिंगच्या (प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवणाऱ्या भागाच्या) यंत्रणेचं कॅलिब्रेशन बिघडलं आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते, आणि सर्व्हिस इंजिनियर विनाकारण बोलावला जातो. ड्युटेरियम दिवा असेल तर त्याच्या स्वतःच्या ६५६.१ आणि ४८६.० या रेषा पडताळून बघता येतात. त्यांना क्युव्हेट लागत नाही, सिंगल बीम एनर्जी मोडमध्ये, म्हणजे दिव्याचाच प्रकाश सरळ मोजताना, त्या थेट दिसतात.

नव्या यंत्रांत पीक सरकत नाही, बुटका होतो. ते बघायला होल्मियम पुरत नाही, टोल्युइन लागतं.

हेक्झेनमध्ये आकारमानाने ०.०२ टक्के टोल्युइन, ब्लँक (तुलनेचं कोरं द्रव) म्हणून तेच हेक्झेन, क्वार्ट्झचा बुचाचा क्युव्हेट. बूच हवंच, हेक्झेन उडतं आणि दहा मिनिटांत तीव्रता बदललेली असते. या द्रावणाला २६९ नॅनोमीटरला एक टोकदार शिखर आहे आणि त्याच्या शेजारीच २६६ ला दरी. शिखराचं अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला त्याचा आकडा) भागिले दरीचं, हे गुणोत्तर यंत्राची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या खुणा वेगळ्या दाखवण्याची ताकद, सांगतं. १ नॅनोमीटर स्लिटला ते साधारण २ येतं, २ नॅनोमीटरला १.४ च्या आसपास, आणि ३ नॅनोमीटरला जवळपास १, म्हणजे दरी बुजलीच. फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) बऱ्याचदा किमान १.५ ची अट असते.

आता स्लिट १ वरच ठेवून फक्त अंतर वाढवत जायचं. ०.१ ला सगळं नीट दिसतं. १ नॅनोमीटरला आलेख कोनाकोनांचा होतो, गुणोत्तर थोडं घसरतं पण तग धरतं. २ नॅनोमीटरला, सम संख्येपासून सुरुवात केली असेल तर, २६६ ची दरी सापडते पण शिखर २६८ आणि २७० च्या मधून निसटतं. ५ नॅनोमीटरला बिंदू पडतात २६५ आणि २७० वर, म्हणजे दरीही गेली आणि शिखरही. सॉफ्टवेअर मात्र या बिंदूंमधून सुंदर गुळगुळीत वक्र काढून दाखवतं. आलेखाकडे पाहून कुणालाही संशय येणार नाही. म्हणून तपासणीत ‘स्मूथिंग’ बंद आणि बिंदू वेगवेगळे दिसतील असं चित्र, हे दोन्ही आधी करून घ्यावं.

याच सेटिंगवर लगेच पोटॅशियम डायक्रोमेट लावून बघावं. ०.००५ मोलर सल्फ्युरिक आम्लात लिटरला ६० मिलिग्रॅम डायक्रोमेट (हातमोजे घालून, आणि टाकाऊ द्रावण वेगळ्या बाटलीत). १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये २३५ ला ०.७४७, २५७ ला ०.८६७, ३१३ ला ०.२९२ आणि ३५० ला ०.६४४ यायला हवं. याचे पट्टे रुंद, पसरट. ५ नॅनोमीटरच्या अंतरानेही ते जवळजवळ बरोबर येतात. २५७ चं शिखर २५५ आणि २६० च्या मधे पडल्यामुळे किंचित बुटकं दिसतं एवढंच, २३५ आणि ३५० तर पाचाच्या पाढ्यातच आहेत. तोच कमाल वेग एका द्रावणाला चालतो आणि दुसऱ्याची ओळख पुसून टाकतो. त्यामुळे कुणी ‘हे यंत्र जलद आहे का’ असं विचारलं की आम्ही उलट विचारतो, तुमचे पीक किती रुंद आहेत? पिकाच्या निम्म्या उंचीवरची रुंदी घ्यायची, स्लिट तिच्या दहाव्या भागापेक्षा मोठी नको, मग अ‍ॅब्सॉर्बन्समधली चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. बिंदूंमधलं अंतर स्लिटच्या निम्मं किंवा त्याहून कमी. हे दोन आकडे ठरले की वेगात निवडीला फारशी जागा उरत नाही.

टोल्युइनच्या तपासणीत हमखास नडणारी गोष्ट म्हणजे क्युव्हेट धुवायला वापरलेलं अ‍ॅसिटोन. त्याचं स्वतःचं शोषण २६५ नॅनोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नेमकं दरीच्या जागी. थेंबभर राहिलं तरी दरी भरून येते, गुणोत्तर १.५ च्या खाली जातं आणि दोष स्लिटला लावला जातो. या कामासाठी क्युव्हेट शेवटी हेक्झेननेच दोनदा खंगाळावा. एरवीही ३३० च्या खाली काम असेल तर अ‍ॅसिटोनने धुतलेल्या क्युव्हेटवर विश्वास ठेवू नये.

यानंतर नॉइज. वेगाची खरी किंमत इथे मोजली जाते. रिकाम्या कप्प्यात ५०० नॅनोमीटरला मिनिटभर दर सेकंदाला रीडिंग घ्यायची आणि त्यांचं प्रमाण विचलन काढायचं. मग १, २ आणि ३ अ‍ॅब्सॉर्बन्सचे न्यूट्रल काचेचे फिल्टर लावून तेच. अ‍ॅब्सॉर्बन्स २ म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोहोचतो. नॉइज फक्त फोटॉनांच्या संख्येमुळे आहे असं धरलं, म्हणजे सगळ्यात अनुकूल परिस्थितीत, तो दहापट होतो. सरासरीचा काळ चौपट केला की नॉइज निम्मा होतो. मग दहापट वाढलेला नॉइज खाली आणायला काळ शंभरपट हवा. ०.१ सेकंदाचे १० सेकंद, तेही प्रत्येक बिंदूवर. २०० बिंदूंचा स्कॅन अर्ध्या तासावर जातो. एवढा धीर कुणाला नसतो आणि तोवर बेसलाइनही हलते. द्रावण पातळ करा, नाहीतर २ मिलिमीटरचा क्युव्हेट घ्या. अ‍ॅब्सॉर्बन्स ०.३ ते १ मध्ये आणून ठेवणं हा वेग वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

स्लिटचंही असंच. स्लिट २ वरून १ वर आणली की आत येणारी आणि बाहेर पडणारी अशा दोन्ही फटी अरुंद होतात, त्यामुळे प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. तेवढ्याच नॉइजसाठी वेळ चौपट लागतो. टोल्युइनसाठी १ नॅनोमीटर हवाच, तो वेळ द्यावाच लागेल. पण डायक्रोमेटसारख्या रुंद पट्ट्यांच्या पदार्थाला सवयीने १ वर ठेवून लोक विनाकारण तिष्ठतात.

छोट्या आकारमानाचे क्युव्हेट वापरत असाल तर किरणाची उंची तपासा. यंत्रानुसार ती क्युव्हेटच्या तळापासून ८.५ किंवा १५ मिलिमीटर असते. चुकीच्या उंचीचा मायक्रो क्युव्हेट बसवला की निम्मा किरण काळ्या भिंतीवर आपटतो. रीडिंग येतं, पण नॉइज वाढलेला असतो. तो लपवायला मग सरासरीचा काळ वाढवला जातो आणि यंत्र ‘हळू’ वाटू लागतं.

दिवा बदलण्याची जागा ही वेगाच्या आकड्यात कुठेच न दिसणारी गोष्ट. ड्युटेरियमकडून टंगस्टनकडे जाताना आरसा फिरतो, स्कॅन थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. मधेमधे फिल्टरचं चाकही फिरतं. हे सगळं ३४०-३५० च्या आसपास घडतं, आणि एन्झाइमच्या कामात सगळ्यात जास्त लागणारी तरंगलांबी नेमकी ३४० आहे, एनएडीएच या सहएन्झाइमची. सॉफ्टवेअरमध्ये ही जागा बदलता येत असेल तर ३२० किंवा ३६० करून टाकावी. नाहीतर शोषणाच्या पट्ट्याच्या मध्यावरच बारीक पायरी येते आणि सॅम्पलमध्ये काहीतरी आहे असं वाटत राहतं.

स्ट्रे लाइटची (डिटेक्टरवर पडणाऱ्या भलत्याच तरंगलांबींच्या प्रकाशाची) तपासणी लहानशी आहे. लिटरला १२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, १ सेंटिमीटर, १९८ नॅनोमीटर, पाण्याचं ब्लँक. अ‍ॅब्सॉर्बन्स २ च्या वर यायला हवं. वेगाशी याचा संबंध असा की सरासरी कितीही लांबवली तरी स्ट्रे लाइट कमी होत नाही. तो ०.१ टक्का असेल तर खरं अ‍ॅब्सॉर्बन्स २ असताना यंत्र १.९६ दाखवतं आणि ३ असताना २.७. रीडिंग अगदी स्थिर असतं, दुसऱ्या दशांशापर्यंत हलत नाही, आणि तरीही चूक असतं. दिवा म्हातारा झाला की २२० च्या खाली हे आधी जाणवतं.

डायोड अ‍ॅरेची गोष्ट वेगळी. तिथे ग्रेटिंग जागचं हलत नाही. पांढरा प्रकाश आधी सॅम्पलमधून जातो, मग पसरून ओळीने लावलेल्या १०२४ डायोडांवर (प्रकाश टिपणाऱ्या बारीक घटकांवर) एकदम पडतो, आणि पूर्ण वर्णपट काही मिलिसेकंदांत येतो. १९४१ सालच्या बेकमन डीयू या जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एकेक तरंगलांबी हाताने लावून, डार्क आणि ब्लँक जुळवून रीडिंग घ्यावं लागे, त्या मानाने ही चैनच. हलणारा भाग नसल्याने होल्मियमचे पीक कुठल्याही वेगाला एकाच जागी येतात, वरची सरकण्याची तपासणी इथे करायची गरजच पडत नाही. पण ९१० नॅनोमीटर भागिले १०२४ म्हणजे एका डायोडच्या वाट्याला जवळपास ०.९ नॅनोमीटर, आणि स्लिट कायमची ठरलेली. एक्स्पोजरचा काळ सगळ्या डायोडांना एकच असतो, त्यामुळे ६५६ ची रेषा संपृक्त होते तेव्हाही २०० च्या खाली प्रकाशाची उपासमार चालू असते. एक्स्पोजर कमी ठेवून शंभर स्कॅनची सरासरी घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा सेकंद आलेच.

त्याहून जपायच्या दोन गोष्टी. एक, सॅम्पलवर सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश एकत्र पडतो. प्रकाशाने बिघडणारा पदार्थ रीडिंग घेता घेताच बिघडतो. लागोपाठ वीस वर्णपट घेऊन एकावर एक ठेवा. रेषा एका दिशेने सरकत असेल तर दोन मोजमापांच्या मधे शटर बंद ठेवण्याची सोय वापरा. दोन, सॅम्पल प्रतिदीप्त (प्रकाश शोषून स्वतः चमकणारं) असेल तर त्याचा स्वतःचा प्रकाश त्याच डायोडांवर पडतो आणि तिथलं अ‍ॅब्सॉर्बन्स कमी दिसतं. ग्रेटिंग सॅम्पलच्या आधी असलेल्या यंत्रात तोच पदार्थ मोजून पडताळावं.

अभिक्रियेचा वेग मोजताना तर डिटेक्टर शेवटच्या क्रमांकावर येतो. सहा क्युव्हेटचं कॅरोसेल (फिरतं स्टँड) घ्या, सरकायला १ सेकंद आणि वाचायला १ सेकंद धरा. एक फेरी १२ सेकंदांची, म्हणजे प्रत्येक क्युव्हेटला मिनिटात पाच बिंदू. एनएडीएचचा मोलर शोषण गुणांक (१ मोलर द्रावण १ सेंटिमीटरमध्ये किती शोषेल तो आकडा) ६२२०. मिनिटाला ०.१ मिलिमोलर खर्च होत असेल तर अ‍ॅब्सॉर्बन्स मिनिटाला ०.६२ ने उतरतं, आणि सरळ रेषेचा भाग सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात संपत असेल तर उतार ठरवायला दोन-तीन बिंदू हातात राहतात. एकतर एन्झाइम पाचपट पातळ करा, नाहीतर एका वेळी दोनच क्युव्हेट लावा. हाताने मिसळून झाकण लावेपर्यंत ५ ते १० सेकंद जातातच. त्याआधीचं काही बघायचं असेल तर स्टॉप्ड-फ्लो (द्रव झटक्यात मिसळून लगेच मोजणारं उपकरण) लागतो, त्याचा डेड टाइम (मिसळण्यात हातचा जाणारा काळ) मिलिसेकंदाच्या घरात असतो. आणि तापमान. पडद्यावर ३७ दिसतं ते क्युव्हेट धरणाऱ्या ठोकळ्याचं. ३ मिलिलिटर द्रावणाला तिथवर पोहोचायला काही मिनिटं लागतात, प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये अजून जास्त. प्रोब द्रावणात बुडवून एकदा हा काळ मोजून ठेवावा आणि अभिक्रिया सुरू करणारं द्रव्य तेवढा वेळ गेल्यावरच घालावं.

मायक्रोप्लेट रीडर ९६ खळगे काही सेकंदांत वाचतो, पण प्लेट चालती ठेवून. प्रत्येक खळग्याशी थांबून वाचायचं असेल तर प्लेट सरकल्यावर द्रव हिंदकळत असतो, म्हणून थांबण्याचा काळ ०.१-०.२ सेकंद द्यावा. पहिल्या आणि शेवटच्या खळग्याच्या वेळांत फरक असतो, तो सॉफ्टवेअर नोंदवतं का ते पाहावं. २०० मायक्रोलिटर द्रवाची जाडी ०.६ सेंटिमीटरच्या जवळपास भरते. पाण्यातल्या द्रावणांसाठी ९७७ आणि ९०० नॅनोमीटरच्या रीडिंगमधला फरक ०.१८ ने भागला की ती सेंटिमीटरमध्ये मिळते. अल्कोहोल किंवा जास्त क्षार असलेल्या द्रावणाला हा हिशेब लागू पडत नाही.

तपासणी संपली की यंत्रात आम्ही दोन मेथड जपून ठेवतो. अनोळखी सॅम्पलसाठी पहिली: २ नॅनोमीटर स्लिट, १ नॅनोमीटर अंतर, मिनिटाला ६००, पूर्ण पट्टा. पीक कुठे आहेत आणि अ‍ॅब्सॉर्बन्स १ च्या वर जातं का, एवढंच तिच्यातून बघायचं. दुसरी फक्त पिकाभोवतीच्या ४०-५० नॅनोमीटरपुरती: १ नॅनोमीटर स्लिट, ०.२ अंतर, प्रत्येक बिंदूवर ०.२ सेकंद, म्हणजे मिनिटाला ६०. अशा दोन टप्प्यांना मिळून अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. तीच बारीक सेटिंग पूर्ण पट्ट्याला लावली तर पंधरा. दोन्ही मेथडची बेसलाइन वेगवेगळी साठवलेली असते, आणि दिवा बदलला की दोन्ही पुसून नव्याने घ्याव्या लागतात.